प्रत्यय

हॅलिफॅक्सच्या इस्पितळात माझं काम एवढंच:
फ्रेंच आत घ्यायचं, इंग्रजी बाहेर द्यायचं,
इंग्रजी आत, फ्रेंच बाहेर.
पदरचं काही घालायचं नाही.
मी ‘मी’ म्हणते तेव्हा तो माझा नसतो,
कधी सर्जनचा असतो,
कधी पोट धरून बसलेल्या एखाद्या खलाशाचा.

फेब्रुवारीत लामेक बेटावरून ओझेली शियासों आली,
पुतण्याच्या पिकअपमधून, रात्रभर बर्फ कापत.
मांडीवर डबा. डब्यात किसलेल्या बटाट्याचे राखी गोळे,
तेओतिमला आवडतात म्हणून,
आणि तेओतिमच्या तर नाकात नळी.

ती म्हणाली, ‘पुर्व्यू किल त्येन.’
टिकू दे गं, एवढंच. टिकू दे.
हा ‘पुर्व्यू’ इंग्रजीत नेताना वाटेत अर्धा सांडतो.
त्यात दाराआड उभं राहून धरलेला श्वास असतो,
पलीकडे पोचतं ते नुसतं ‘आय होप’,
जे बस वेळेवर यावी म्हणूनही चालतं.

डॉक्टर मॅक्आयझॅक भला माणूस,
बुटांवर रस्त्यावरच्या मिठाचे पांढरे ओघळ.
म्हणाला, ‘वुई होप ही गेट्स बेटर.’
गेट्स.
त्यात ना होवो, ना होईल.
इंग्रजीला ठरवावं लागत नाही.
मला लागतं.

शाळेत सिस्टर एव्हांजेलिननं फळ्याच्या मधोमध रेघ ओढली होती:
इकडे इच्छा, सुएते. तिच्यामागे क्रियापद वाकून चालतं,
गेरीस, बरा होवो.
तिकडे आशा, एस्पेरे. तिच्यामागे ते ताठ,
गेरिरा, बरा होईल.
मी विचारलं होतं, आशेला एवढी खात्री कशाची?
सिस्टर म्हणाली, नियम आहे, पाठ कर.

पाळी संपायला वीस मिनिटं होती.
मी म्हटलं: आम्हाला आशा आहे की तो, गेरिरा.

व्याकरण बिनचूक.
पण ओझेलीनं ‘आम्हाला’ सोडलं, ‘आशा’ सोडली, ‘की’ सोडला,
आणि शेवटचा ‘रा’ तेवढा उचलून घेतला,
बाजारात सुटे पैसे परत घेतात तसा, न मोजता.
डबा उघडला. एक गोळा मला दिला, वर काकवी.
पुतण्याला फोन लावला:
बोयांना रंग काढायला घे, पिवळा,
शेवंडीचा हंगाम लागेल तोवर तो येईल.
लागेल, येईल, जाईल.
तिच्या सगळ्या क्रियापदांचा कणा सरळ झाला होता.

दुरुस्त करायला हवं होतं का?
मला कोणी विचारलं नव्हतं.
आणि मी नियमाप्रमाणे त्या खोलीत नव्हतेच.

एकोणतीस मार्चला तो गेला.
त्या दिवशी माझी सुट्टी होती. फाइल दुसऱ्या कुणी मिटवली.

एप्रिलअखेर तिचा फोन आला.
मी दिलगिरी दोन्ही भाषांत तयार ठेवली होती,
तिनं कुठलीच लागू दिली नाही.
म्हणाली, बोया वाळल्या. पिवळा जरा भडकच निघाला.
मग बराच वेळ वारा.
मग म्हणाली, तो ‘रा’ दिलास ना मला,
त्यात पाच आठवडे राहिले मी.
भाडं काही घेतलं नाहीस.

मला बोलता आलं नाही.
उद्या पुतण्या एकटा बोट काढतोय, ती म्हणाली,
पहिलीच खेप आहे, आणि धुकं धरलंय.
पुर्व्यू क...
वाक्य तिनं तिथंच सोडलं. पुढचं क्रियापद माझ्याकडून हवं असल्यासारखं.

शेजारच्या टेबलावरून वेंडेलनं विचारलं,
काय म्हणत होती बाई?
मी म्हटलं, काही नाही. हवामान.

पदरचं घालू नये, तसं वगळण्याबद्दलही
नियमात काहीतरी आहे.
आत्ता आठवत नाही.